ताऱ्यावरलं पावणं

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१२ ऑक्टोबर १९७०

मदिना,

निपाणीच्या पाहुण्यांनी मला उभं करून बघितलं, मुलगा माझ्या खांद्याला लागला, त्याची आई तोंडाला पदर लावून हसली आणि मी चहाचा ट्रे तिथंच ठेवून आत गेले, तो दिवस तू आमच्या नेसरीच्या घरात डोळ्यांनी पाहिला होतास. त्यानंतर अप्पांनी मला इथं चुलतबहिणीकडं, चन्नम्माक्काकडं धाडलं. गावापासून लांब राहिलं की लोक बोलायचे थांबतील, असं त्यांना वाटलं असावं. इथं मी शिवणकाम करते, ते तुला माहीत आहेच.

आज पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. काल मला पसंत केलं. उंची बघून नाकारलं नाही, उंची बघूनच पसंत केलं. बापूंनी मला भिंतीला टेकवून उभं केलं, दोनदा चालून दाखवायला सांगितलं, खाली बसून उठायला लावलं. मग म्हणाले, "हिच्याएवढी पुरी पडणारी दुसरी कोण मिळायची न्हाय." पोशाखही घालून बघितला. माझ्या मापावर शिवल्यासारखा बसला. आरशासमोर मी कितीतरी वेळ उभी होते.

सगळं उघड लिहिता येत नाही. अक्काच्या घरात पत्रं सगळ्यांच्या हातातून जातात. एवढंच सांगते की बऱ्याच वर्षांनी मी काल ताठ चालत घरी आले. गैबीभावजींना नमस्कार.

तुझी नीला


गडहिंग्लज
२० ऑक्टोबर १९७०

नीला,

तुझं पत्र वाचलं आणि चुलीवरचा तवा तसाच टाकून मी एस्टी स्टँडवर गेले. मला काय घरात बसवतंय? दुपारच्या गाडीनं नेसरी गाठली. तुझी अव्वा परसात मिरच्या निवडत बसली हुती. मी म्हटलं, मावशी, नीलाचं जमलं. ती तशीच उठली आणि मला मिठी मारली. मिरचीचा हात डोळ्याला लागला, म्हणून रडतीया का आनंदानं, ते कळंना झालं.

तुझे अप्पा, आमचे चनबसाप्पाकाका, दुकान बंद करून आले. पोरगं कोण, गाव कंचं, आपल्यातलंच हाय न्हवं, सगळं इचारलं. मी सांगितलं, एवढं लिवलं न्हाय, पण सासरा लई मोकळ्या मनाचा दिसतोय. त्यानं सोता उभं करून बघितलं आणि शालूबी आणलाय. काकांनी गल्लीत साखर वाटली. तुझ्या अप्पांना साखर वाटताना मी पयल्यांदाच बघितलं.

आता नवऱ्या मुलाचं नाव लिव. काय करतो, ते लिव. आणि तुझ्यापेक्षा उंच हाय का, ते सगळ्यात आधी लिव. गैबी म्हणत्यात, एवढा उंच गडी कोल्हापुरात असला तर तो तालमीतला असणार. ते टॉकीजमधी मशीन चालवत्यात न्हवं, त्यांना सगळं सिनेमातल्यागत दिसतं.

तुझी मदिना


कोल्हापूर
२ नोव्हेंबर १९७०

मदिना, अगं काय करून बसलीस तू.

बापू म्हणजे सासरा नव्हेत. आकारामबापू सिनेमाचे डायरेक्टर आहेत. मी शिवणकाम करते ते स्टुडिओत, कपडेपटात, धोंडुबाईंच्या हाताखाली. अप्पांना सिनेमाचं नाव काढलेलं खपत नाही, म्हणून तुझ्यापासूनही लपवलं. हे पत्र स्टुडिओतूनच टाकते, तूही उत्तर इथल्याच पत्त्यावर पाठव. आणि पोशाख म्हणजे शालू नव्हे. गोणपाट, सायकलच्या ट्यूबा आणि पत्र्याच्या टिकल्या यांचा तो अंगरखा आहे. वर कागदाच्या लगद्याचा मुखवटा, त्याला काचेचे दोन मोठे डोळे. हातांना वीतभर लांब बोटं.

गेल्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला तेव्हापासून बापूंच्या डोक्यात हा सिनेमा आहे. पृथ्वीवरून एक डॉक्टर यानातून निघतो, यान भलत्याच ताऱ्यावर आदळतं आणि तिथं त्याला एक प्राणी भेटतो. तो प्राणी म्हणजे मी. आधी हे काम ज्ञानू पैलवानाकडं होतं. मुखवट्यात त्याचा जीव कोंडायचा. शेवटी त्यानं तो काढून धोंडुबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि सांगितलं की मरायचंच तर आखाड्यात मरीन, ह्यात मरणार नाही. सगळे हवालदिल झाले. तेवढ्यात बापूंची नजर माझ्यावर गेली. मी वरच्या खुंटीवरचे कपडे स्टुलाशिवाय काढत होते.

यानाचा सांगाडा शिरोलीकडच्या एका वर्कशॉपमध्ये पत्र्याचा बनवला आहे. ट्रकवर घालून आणला तेव्हा रस्त्याकडेला लोक उभे राहून बघत होते. डॉक्टरचं काम शिवपुत्रमामा करतात. जुन्या नाटक कंपनीतले, साठीला आलेले. मला पोरीसारखं वागवतात.

आता तूच सांग, साखर वाटलेल्या अप्पांना मी काय सांगू?

नीला


गडहिंग्लज
१६ नोव्हेंबर १९७०

नीला,

पत्र वाचून मी भांड्याच्या कोठीत जाऊन हसले आणि मग घाबरले. लिवणारीनं सरळ लिवलं असतं तर वाचणारीनं सरळ वाचलं असतं. आता जे झालं ते झालं. काकांना मी सांगून आले की मुलाकडं सुतक पडलंय, गुढीपाडव्यापतूर बोलणी न्हाईत. तवापतूर तुझा सिनेमा संपव.

पण मला एक सांग. ते जनावर करतंय काय? गैबींनी असली इंग्रजी चित्रं मशीनवर लावलीत. त्यात त्यो राक्षस लोकांची घरं पाडतो आणि शेवटाला त्याला गोळ्या घालत्यात. तुलाबी मारणार हाईत का? माझ्या मैतरणीला पडद्यावर मारायचं आणि गैबींनी मशीन फिरवायचं, हे मला चालायचं न्हाय.

मदिना


मुक्काम पन्हाळा
१४ जानेवारी १९७१

प्रिय मदिना,

उशीर झाला. आम्ही सगळे पन्हाळ्यावर आहोत. शूटिंग इथून पुढं मसाई पठारावर चालतं. नुसता काळा कातळ, झाड नाही, सावली नाही, वाऱ्याला आडकाठी नाही. बापू म्हणतात, ताऱ्यावर जायला याहून जवळची जागा नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं ते देते. हो, शेवटी मला मारतात. पृथ्वीवरून दुसरं यान येतं, शिपाई उतरतात, मला डॉक्टरजवळ बघून त्यांना वाटतं की मी त्याला खाणार, आणि ते गोळ्या झाडतात. गोष्ट तशीच लिहिलेली होती. पण इथं दोन गोष्टी घडल्या, त्यामुळं माझी झोप उडाली आहे.

पहिली अशी. मला बोलायला संवाद नव्हते, नुसतं गुरगुरायचं. माझं गुरगुरणं कोणालाच पटेना. एके दिवशी उतारावर शिवपुत्रमामांचा पाय खरोखरच मुरगळला आणि ते खाली बसले. कॅमेरा चालू होता. मी सगळं विसरून धावले आणि तोंडातून आपोआप घरची कन्नड बाहेर पडली, "हेदरब्याड, हेदरब्याड." भिऊ नका, म्हणून. मग पाणी हवं का, जेवण झालं का, जे येईल ते विचारत त्यांना पाठीवर घेतलं आणि सपाटीवर आणून सोडलं. मामा विव्हळत होते, पण काम सोडलं नाही. बापूंनी कॅमेरा थांबवला आणि म्हणाले, ताऱ्यावरची भाषा सापडली. इथं कोणाला कन्नड येत नाही. त्यांना ती आभाळातलीच वाटते.

दुसरी गोष्ट मात्र मनावर कोरली गेली. मुखवटा डिंकानं चिकटवलेला असतो, जेवायच्या सुट्टीतही काढता येत नाही. मी एका कातळाआड एकटी बसले होते. म्हशी राखणारी एक बाई वळणावरून अचानक समोर आली. चिमणाबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. मला वाटलं, आता ही किंचाळणार आणि पळत सुटणार. ती थबकली. मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग काठी बाजूला ठेवली आणि विचारलं, "पावणं, कुणाच्यात आलायसा?"

मी नुसती मान हलवली. ती समोर बसली, फडक्यात बांधलेला लोटा सोडला आणि ताक पुढं केलं. मुखवट्याला तोंड नुसतं रंगवलेलं. मी दोन्ही हातांनी नाही म्हटलं. तिनं वाकून निरखलं आणि म्हणाली, "तोंडच दिलं न्हाय व्हय देवानं? मग हात तरी गार करा." आणि माझ्या त्या रबरी बोटांवर ते थंडगार ताक धार धरून ओतलं. बोटांच्या शिवणीतून ते आत माझ्या तळव्यापर्यंत आलं. मदिना, मी आत रडत होते आणि काच धुरकटत होती.

वळून बघितलं तर बापू मागं उभे होते. इतर कोणी आवाज करू नये म्हणून त्यांनी एक हात वर धरला होता. त्या दिवशी त्यांनी पुढचं शूटिंग घेतलं नाही. तंबूत शिवपुत्रमामांना म्हणत होते की आपण गोष्ट उलटी लिहिली.

नीला


गडहिंग्लज
९ फेब्रुवारी १९७१

नीला,

तुझं पत्र मी गैबींना वाचून दाखवलं.  नंतर म्हणाले, त्या बाईला सिनेमात घ्याला पायजे हुतं.

इकडचं सांगते. काका परवा येऊन गेले. सुतक किती दिस चालतं, असं इचारत हुते. मी चहा करायचं निमित्त करून आत गेले आणि भाईर आलेच न्हाय. चहाची वाट बघून ते उठून गेले.  तुझ्यासाठी मी कितीबी खोटं बोलीन, पण त्या माणसाच्या तोंडाकडं बघून बोलवत न्हाय. तूच त्यांना लिव.

मदिना


कोल्हापूर
२२ मार्च १९७१

प्रिय मदिना,

अप्पांना लिहायला तीनदा बसले. तिन्ही वेळा कागद फाडला. सिनेमा पूर्ण झाला की समोर जाऊन सांगेन, असं मनाशी ठरवलं आहे.

गैबीभावजींचं म्हणणं बापूंनी न ऐकताच केलं. चिमणाबाईला सिनेमात घेतलं. नवा शेवट असा आहे. शिपाई बंदुका रोखतात, तेव्हा डॉक्टर माझ्यापुढं उभा राहतो. मग आम्ही दोघं एकाच यानातून पृथ्वीवर येतो. पठाराच्या गवताळ बाजूला उतरतो, म्हशी चरत असतात आणि चिमणाबाई येऊन विचारते, जे तिनं मला विचारलं तेच. तिला काही शिकवावं लागलं नाही. कॅमेऱ्याकडं बघू नका, एवढंच सांगितलं. तिनं विचारलं, बघू कशाला, पावणं तर हिकडं हाईत.

पण मुंबईच्या डिस्ट्रिब्युटरनी हा शेवट बघितला आणि मान हलवली. पोस्टरवर राक्षस दाखवायचा तर शेवटी तो मेलाच पाहिजे, नाहीतर लोक फसवणूक समजतील, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यांनी चित्र उचललं नाही तर ते डब्यातच राहील. बापू दोन दिवस भांडले. मी कोण बोलणारी, पण मीही बोलले. म्हटलं, साहेब, तिनं कोणाचंच वाईट केलेलं नाही. ते चांगले गृहस्थ आहेत, रागावले नाहीत. म्हणाले, बाई, लोक हे बघायला येत नाहीत.

शेवटी असं ठरलं की एका लांबच्या गावात ट्रायल घ्यायची. लोकांना आधी चित्रित केलेला मरणाचा शेवट आवडला तर तोच ठेवायचा, नाहीतर नवा. कोल्हापुरात बोभाटा नको म्हणून त्यांनी स्वतःच गाव निवडलं. गडहिंग्लज. पुढच्या महिन्यात, बाजाराच्या दिवशी, तीनचा खेळ. मशीनवर तुझेच गैबी असणार.

मी येणार नाही. मला माझं मरण बघवणार नाही, आणि त्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या तर तेही सोसणार नाही. तू जा. जे होईल ते खरं लिही, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. आणि अप्पांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

नीला


गडहिंग्लज
१९ एप्रिल १९७१

नीला,

खरं लिव म्हणालीस, म्हणून सगळं लिवते. आधी वाईट वाटंल ते सांगते. तुझ्या अप्पांनी सिनेमा बघितला.

काल बाजाराला ते मिरचीची पोती घेऊन आलते. दुपारी आमच्याकडं आले आणि म्हणाले, मला त्या पोराचा पत्ता दे, मी आज कोल्हापूरला जाणार. हातात पिशवी, पिशवीत मुलाकडच्यांना द्यायला नवं धोतर. ते धोतर बघितलं आणि माझ्यानं पुढं रेटवंना. मी म्हटलं, काका, पत्ता देते, पण आधी माझ्याबरं एका ठिकाणी चला. त्यांना टॉकीजमधी नेऊन बसवलं. सिनेमा हाय म्हटल्यावर उठाय लागले. मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं की नीलाची शप्पथ हाय. तवा बसले.

बाजाराचं माणूस सगळं आत आलतं. मिरचीवाले, गुळवाले, हिटणीकडच्या बाया, पोरंसोरं. मागं खुर्चीवर तुझे बापू आणि ते मुंबईचं सायब. यान उडालं तवा लोकांनी शिट्ट्या मारल्या. ताऱ्यावर आदळलं तवा सगळे गप. मग तू आलीस. नीला, मला ठावं असून मी मागं सरकले. एक बाई पोराला घेऊन भाईर जाय लागली. सायब बापूंकडं बघून हसले, ते मी वळून बघितलं.

आणि मग तू त्या पडलेल्या डॉक्टरजवळ जाऊन म्हणालीस, "हेदरब्याड. ऊटा आतेनु?"

एक घटकाभर कुणालाच कळंना. मग असा हशा उठला की भिंतीवरचं पंखं हललं असतील. बाजारातलं अर्धं माणूस घरात कन्नड बोलणारं. एवढ्या लांबच्या ताऱ्यावरलं जनावर, आणि इचारतंय काय, तर जेवण झालं का? बाजूचा म्हातारा म्हणाला, अरं हे तर आपल्यातलंच पावणं हाय. भाईर निघालेली बाई पोराला घेऊन परत येऊन बसली. त्या पुढं तू जे जे बोललीस त्याला लोक जबाब द्याय लागले. तू त्याला पाणी आणाय गेलीस तर बाया म्हणाय लागल्या, हिकडनं जा, तिकडं आग हाय. आगीतनं त्याला पाठीवर घेऊन भाईर आलीस तवा पडद्यावर चिल्लर पडली. सायबांना काय चाललंय ते कळत न्हवतं, ते बापूंना इचारत हुते, बापूंनाबी कळत न्हवतं. शेवटी मीच जाऊन सांगितलं की तिची भाषा ह्यांच्या घरातली हाय.

काका मात्र हसले न्हाईत. पयल्या शब्दालाच त्यांनी माझा हात घट्ट धरला. पडद्यावरनं नजर काढली न्हाय.

मग शिपाई आले. गोळ्या झाडल्या. तू गुडघ्यावर बसलीस आणि पडलीस. सिनेमा संपला.

दिवे लागले तर कुणी उठंना. टाळी न्हाय, शिट्टी न्हाय. आणि त्या शांततेत तुझे अप्पा उभे राहिले. तुला ठावं हाय ते चारचौघांत बोलत न्हाईत. पण काल बाजूच्या बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"तिनं काय केलंय? त्याला पाणी पाजलं, आगीतनं काढलं, जेवलास का म्हणून इचारलं. घरी आलेल्याला कुणी असं मारतंय व्हय? हे बरूबर न्हाय."

मग सगळं टॉकीज उठलं. कुणी शिव्या दिल्या न्हाईत, खुर्च्या मोडल्या न्हाईत. नुसतं सगळे म्हणाय लागले, बरूबर न्हाय, बरूबर न्हाय. आणि जाईनात. बाया तर मांडी घालून बसल्या. बापू धावत मशीनच्या खोलीत गेले. त्यांनी सांगायच्या आत गैबींनी दुसऱ्या शेवटाचं रीळ डब्यातनं काढून हातात धरलं हुतं.

दिवे परत गेले. डॉक्टर तुझ्यापुढं उभा राहिला तवा जो आवाज झाला, तो मला लिवता येत न्हाय. चिमणाबाई आली, तुला कुणाच्यात आलायसा म्हणून इचारलं, आणि मागनं पन्नास माणसं वरडली, आमच्यात, आमच्यात. सायब खुर्चीत बसलेले, चष्मा काढून पुसत हुते. बापूंना म्हणाले, मी पोस्टर बदलतो.

भाईर आल्यावर काका पिंपळाच्या पारावर बसले. मी घाबरतच जवळ गेले. ते म्हणाले, "ती नीला हाय न्हवं?" मी म्हटलं, व्हय. नवरा न्हाय, सासरा न्हाय, शालू न्हाय, समदं माझ्या डोक्यातलं हुतं, तेबी सांगून टाकलं.  मला वाटलं आता ते रागानं फुटतील. तर म्हणाले, "त्या कातड्यात पोरीला घाम किती आला असंल."

एवढंच. मग पिशवी उचलली आणि कोल्हापूरची गाडी किती वाजता हाय म्हणून इचारलं. ह्या पत्राच्या आधी ते तुझ्या दारात पोचले असतील. रागावलेत का न्हाय, ते मला ठावं न्हाय. मला त्यांचं तोंड वाचता आलं न्हाय.

मदिना


कोल्हापूर
११ सप्टेंबर १९७१

प्रिय मदिना,

मधल्या काळात तुला दोन ओळींची कार्डं टाकली, तेवढीच. बापूंनी माझा आवाज पुन्हा नीट भरून घेतला, काही भाग नव्यानं चित्रित केले, दिवस कसे गेले कळलं नाही. आज सविस्तर लिहिते, कारण काल सिनेमा लागला. तू अजून बाळंतिणीच्या खोलीत, नाहीतर तुला ओढून आणली असती.

आधी अप्पांचं सांगते, तुला त्या दिवशीपासून काळजी लागलेली आहे. ते आले तेव्हा मी स्टुडिओत होते. चन्नम्माक्कानं त्यांना तिथं पाठवलं. मी कपडेपटात मुखवट्याला ठिगळ लावत बसले होते. दारात अप्पा. माझ्या हातून सुई पडली. ते आत आले, खुंटीवरचा तो अंगरखा हातात घेतला, त्याचं वजन करून बघितलं, आत हात घालून अस्तर चाचपलं. धोंडुबाईंना म्हणाले की गोणपाट अंगाला टोचत असणार, आत मऊ कापड लावता येईल का. धोंडुबाईंनी कापड नाही म्हणून सांगितलं. अप्पांनी पिशवीतलं नवं धोतर काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. धोंडुबाईंनी तिथंच कात्री लावली. मदिना, माझे अप्पा तिथं पाटावर बसून होते आणि माझ्यासाठी अस्तर बेतलं जात होतं. 

पुढं पावसाळाभर ते दर पंधरवड्याला येऊन गेले. शिवपुत्रमामांशी त्यांची मैत्री झाली आहे. दोघं पारावर बसून जगातल्या सगळ्या गोष्टी बोलतात, फक्त सिनेमाबद्दल नाही.

आता कालचं. पहिला खेळ तीनचा. रांग टॉकीजपासून पार कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानापर्यंत गेली होती. पोस्टरवर राक्षस नाही. डॉक्टर माझ्या पाठीवर आहे आणि वर लिहिलं आहे, "ताऱ्यावरलं पावणं". नेसरीहून एक ट्रक भरून माणसं आली होती, अव्वा पुढं ड्रायव्हरशेजारी. बापूंनी मला त्यांच्याबरोबर वर बाल्कनीत बसायला सांगितलं. मी नको म्हटलं. मला खाली बायकांत बसायचं होतं. मी आजवर पूर्ण सिनेमा बघितलेला नव्हता, आवाज भरतानाही तुकडेच बघितले होते, आणि तो बघताना मला कोणी ओळखलेलं नको होतं.

खालच्या रांगेत एका कडेला जागा मिळाली. शेजारी कोण होती, मला माहीत नाही. चाळिशीची असेल, हिरवं लुगडं, कडेवरचं पोर शेजारी थोरल्या मुलीच्या मांडीवर देऊन बसलेली. माझ्या उंचीमुळं मागच्यांना दिसत नाही म्हणून कुरकुर झाली, तर तिनंच वळून सांगितलं की बसू द्या बाईला, ती काय मुद्दाम वाढली नाही. मी हसले. मग अंधार झाला.

काय सांगू तुला. मी आत असताना मला फक्त घाम, डिंकाचा वास आणि काचेतून दिसणारं धुरकट जग माहीत होतं. बाहेरून हे असं दिसत असेल, याची कल्पना नव्हती. तो काळा कातळ, त्यावर एकटी चालत येणारी ती. मला वाटायचं मी वाकून चालते. ती वाकून चालत नाही, मदिना. ती त्या आभाळाखाली सहज मावते. आणि ज्या क्षणी ती डॉक्टरजवळ बसते, त्या क्षणी मी विसरले की ती मी आहे.

कोल्हापूरला भाषा कळली नाही, पण कळायची गरज लागली नाही. शेजारच्या बाईनं मला विचारलं की ती काय म्हणाली. मी सांगितलं, जेवण झालं का म्हणून विचारतेय. ती पुढच्या रांगेला सांगत सुटली, पुढच्या रांगेनं त्यापुढच्या रांगेला. थोड्या वेळानं प्रत्येक वाक्याला सगळ्या बायका माझ्याकडं वळून बघायच्या, मी अर्थ सांगायची आणि तो थिएटरभर पसरत जायचा.

मग आग आली. ती डॉक्टरला पाठीवर घेऊन त्यातून चालली. शिट्ट्या, पैसे, आरडाओरडा, सगळं थिएटर उभं. आणि लगेच शिपाई. बंदुका वर झाल्या. 

त्या बाईनं अंधारात माझा हात पकडला. एवढा घट्ट की तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "वाचंल न्हवं वं ती?"

मला शेवट माहीत होता. तरी मीही तिचा हात तेवढाच घट्ट धरला. जणू अजून काहीच ठरलेलं नाही, आणि आम्ही सगळ्या तिथं बसलो आहोत म्हणूनच ते ठरणार आहे.

मी म्हटलं, "वाचंल. बघा तुमी."

डॉक्टर पुढं झाला. बंदुका खाली आल्या. यान उठलं, आभाळ ओलांडून पृथ्वीवर उतरलं. गवत हललं, म्हशींनी माना वर केल्या. सगळीकडून टाळ्या चालू होत्या, अव्वा मागं कुठंतरी मोठ्यानं रडत होती आणि पुरुषांच्या बाजूनं अप्पा माझ्या नावानं हाक मारत होते, भर थिएटरात, लाज सोडून. लोक वळून बघू लागले, पण कोणाला हाक मारतात ते कोणाला कळलं नाही.

दिवे लागले. लोक बाहेर निघाले. ती बाई डोळे पुसत उठली, पोराला थोरलीकडून घेतलं आणि एका हातानं कडेवर बसवलं. दुसऱ्या हातात माझा हात तसाच होता. तो तिनं अजून सोडला नव्हता.

तुझी
नीला